जुन्या मशीनला जे ठाऊक नाही

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाच्या! पुस्तकांची खोकी, भांडी, गाद्या आणि माझी लेक भिंगरी, सगळा ऐवज सुखरूप वर चढला. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या, खाली घरमालकीण काकू. काकूंनी जिन्यातच अटी सांगून टाकल्या: भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ओले पाय घेऊन आत यायचं नाही, आणि जनरलला चोरून काही खायला घालायचं नाही. जनरल म्हणजे त्यांचा कुत्रा. जेमतेम दोन वर्षांचा आहे. एक कान कायम सावधान, दुसरा कायम विश्राम. भिंगरीने सामान उतरायच्या आत तिसरी अट मोडली आणि काकूंनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. तेव्हाच समजलं, इथे आपलं जमणार.

बाहेरच्या खोलीला गॅलरी आहे. निळे कठडे, रंगाचा वास अजून गेलेला नाही. काकूंनी ती गेल्या वर्षीच बांधून घेतली. भिंगरीने ती ताबडतोब ताब्यात घेतली आणि स्वतःभोवती गरगर फिरून साऱ्या गल्लीला आपली ओळख करून दिली. तिला सहावं लागलंय. खालचा पुढचा दात पडलाय आणि त्या फटीतून ती शीळ घालते. झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर, कारण पायालाही श्वास घ्यायचा असतो. आणि झोप येईपर्यंत माझ्या पोटावरच्या टाक्यांच्या वणावरून बोट फिरवत राहते. तो वण म्हणजे तिचं दार, ती तिथून आली. तिचे बाबा ती पोटात असतानाच गेले. तेव्हापासून आम्ही दोघी, आणि फोनवर ताई.

५ फेब्रुवारी

कामावर रुजू झाले. गावाला पाणी पुरवणारं केंद्र. मोठे हौद, पाण्याचा अखंड आवाज, क्लोरिनचा वास, आणि एका कोपऱ्यातल्या खोलीत ते मशीन. पाण्यात औषध कधी आणि किती सोडायचं ते हे मशीन ठरवतं. अकरा वर्षांपूर्वीचं आहे. झडपा हलवणारी त्याची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुसऱ्या कुठल्याच मशीनशी बोलायला तयार नाहीत, म्हणून ते बदलता येत नाही.

त्यावर चालणारा प्रोग्रॅम मात्र जिवंत आहे. जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात लिहिलेला, कुणाच्याही मालकीचा नसलेला, कुणीही उघडून वाचावा असा. तो सतत सुधारतो आणि सुधारताना नव्या मशीनची भाषा बोलू लागतो. जुनं मशीन गोंधळतं. हेडर फाइल म्हणजे मशीनने स्वतःची करून दिलेली ओळख: मला हे येतं, मला ते ठाऊक आहे. प्रोग्रॅमने त्यापलीकडचं काही मागितलं की कंपाइल करताना, म्हणजे तो मशीनला कळेल अशा रूपात उतरवताना, काम तिथेच अडतं आणि पडद्यावर येतं, हे मला ठाऊक नाही. मग माझं काम सुरू. दोन मार्ग असतात. ‘येत नसेल तर हा भाग वगळ’ अशी अट घालायची, हा सोपा. किंवा मशीनला जे येत नाही ते स्वतः लिहून द्यायचं, पूर्ण, हाडामांसासकट. हा कष्टाचा.

आणि एक नियम, जो मी सभासभांतून घसा फोडून सांगत आले: मशीनचं वय विचारू नका! ‘जुनं आहे ना, मग नंतरचं सगळं वगळा’ हा आळशाचा न्याय आहे. एकेक गोष्ट हातात घ्या आणि विचारा, आहे का? असेल तर वापरा, नसेल तर तेवढीच सोडा. वय बघून दाराबाहेर काढणाऱ्या जगाशी माझं भांडण आहे. ज्यांना नवं मशीन परवडत नाही त्यांनी नासकं पाणी प्यावं काय? नाही. माझ्या हाताला बोटं आहेत तोवर नाही.

अधीक्षक साठीकडे झुकलेले, अबोल. दर वाक्याआधी खाकरतात. भिंगरीने त्यांचं नाव लगेच खाकरेकाका ठेवलं. त्यांच्या टेबलावर एक गमतीची तसबीर आहे. ते बागेत उभे आहेत, हसतायत, आणि एक हात बाजूला कमरेइतक्या उंचीवर हवेत धरलाय, जणू अदृश्य टेबलावर टेकलाय. मी विचारलं तर म्हणाले, फोटो काढणाऱ्याने काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण टाकवत नाही.

९ फेब्रुवारी

माझ्या आधीचे गृहस्थ न सांगता नोकरी सोडून गेले. कोडमध्ये जागोजागी त्यांनी एकच शेरा मारून ठेवलाय: इथे हे नाही, वगळलं. कुठेही स्वतः काही लिहून दिलेलं नाही. अरे, वगळण्यापुरताच जन्म घेतला होतास का?

आज मात्र मीही पहिली अडचण वगळूनच सोडवली. तारखा छापायची एक नवी सोय होती, तिच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. पहिलीच अडचण, म्हटलं श्रीगणेशा तर होऊ दे. प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल झाला. अधीक्षकांनी चक्क चहा मागवला.

घरी आले तर भिंगरी दाराशी रडत बसली होती. गॅलरी नव्हती.

लिहिताना वेडेपणा वाटतो, पण नव्हती. गॅलरीच्या दाराच्या जागी खिडकी. तिच्याखाली भिंत, पोपडे आलेली, वर्षानुवर्षांची. काकूंना विचारलं तर त्या खो-खो हसल्या. म्हणाल्या, अगं, गॅलरी बांधायची हौस मला आहेच, पण तुझ्या भाड्यात तिचा कठडासुद्धा येणार नाही. प्रवासाने डोकं शिणलंय तुझं, झोप काढ.

भिंगरीला गॅलरी आठवते. मलाही. मी अट घातली म्हणून, आणि भिंगरी माझी म्हणून?

१४ फेब्रुवारी

दुसरी अडचण. तीही वगळली, मुद्दाम. माझा माझ्या बुद्धीवर विश्वास आहे. शंका आली की ती तपासायची, नवससायास करत बसायचं नाही. कंपाइल संपताक्षणी मी घरी धावले.

जनरल नव्हता. त्याचं भांडं नव्हतं, साखळी नव्हती, दारावरचे नखांचे ओरखडेही नव्हते. काकू म्हणाल्या, कुत्रा? मला तर शिंका येतात गं कुत्र्यांनी. आणि बोलताना त्यांचा हात खाली लोंबत होता, बोटं हलत होती, जणू कुणाच्या कानामागे खाजवतायत.

मला त्या तसबिरीतला हात आठवला.

म्हणजे हे असं आहे. या गावाच्या घराघरात त्या मशीनमधून गेलेलं पाणी जातं. मशीनपेक्षा जे वयाने लहान, ते या गावात मशीनच्या ओळखीचं नाही. जोवर कुणी विचारत नाही तोवर ते खपून जातं. आधी त्या गृहस्थांनी, आता मी एकेक अट घालते आणि एकेक नवी गोष्ट इथून वगळली जाते.

भिंगरी मशीनपेक्षा लहान आहे.

१६ फेब्रुवारी

अट काढून पाहिली. उपयोग नाही. प्रोग्रॅम अडतो, आणि अडलेला प्रोग्रॅम कशाचीच ग्वाही देत नाही. मग दुसरा मार्ग. जनरल ज्या अटीने गेला, तिथे मी बदली काम लिहून दिलं. घाईत, नुसतं नावापुरतं. आमच्या धंद्यात अशी पद्धत आहे: आत काही करायचं नाही, कुणी विचारलं की ‘सगळं ठीक’ एवढं उत्तर द्यायचं. अडलेलं काम पुढे सरकतं.

जनरल परत आला. काकू त्याला रागावत होत्या, जणू तो कधी गेलाच नव्हता. हाक मारली की शेपूट हलवतो, प्रत्येक वेळी तितकीच, त्याच बाजूने. भिंगरीने पुढे केलेलं बिस्कीट त्याने हुंगलं नाही. दोन्ही कान सावधान. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. आत काहीच हलत नव्हतं. शेपूट हलत होती.

भिंगरी माझ्यामागे लपली आणि म्हणाली की हा जनरलचा फोटो आहे.

मी ते बदली काम काढून टाकलं. संध्याकाळी दारात कुणी नव्हतं. बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली.

१९ फेब्रुवारी

ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुझं डोकं फिरलंय की नाही ते मागाहून बघू, आधी पोरीला घेऊन निघ. हेही बजावलं की माझी भाषणं तिने जन्मभर ऐकली, आज एकदा मी तिचं ऐकावं.

निघणार आहे. पण आजच वरून आदेश आला. जुन्या प्रोग्रॅममध्ये मोठं भगदाड सापडलंय. बाहेरचा कुणीही त्यातून शिरून पाण्यातलं औषध वाढवू शकेल किंवा बंद करू शकेल. शनिवारपर्यंत नवा बसवा, नाहीतर मशीन बंद. मशीन बंद म्हणजे झडपेचं चाक माणसाने हाताने फिरवायचं, पहाटेपासून, न थांबता. अधीक्षक खाकरले आणि म्हणाले, माझे गुडघे बघा, आणि दुसरा माणूस मला कुणी देणार नाही.

एवढ्या लोकांना तसंच सोडून पळू? ज्या तोंडाने आजवर बोलले ते तोंड मग कुठे दाखवू? नवा प्रोग्रॅम बसवते आणि शनिवारी दुपारच्या गाडीने निघते. यावेळी एकही गोष्ट वगळणार नाही. सगळं स्वतः लिहून देईन, हाडामांसासकट.

२१ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

अडचणी संपत नाहीत. एक लिहून दिली की तिच्यामागून दोन उभ्या राहतात. गाडी दुपारची. भिंगरी इथेच आहे, माझ्या खुर्चीभोवती गिरक्या घेतेय. बूट चढवलेत, पिशवी खांद्याला. शीळ घालतेय. सारखी विचारतेय, आई, झालं का.

फक्त आजच्यापुरतं. स्टेशन गाठेपर्यंतच्या वेळेपुरतं. गावाबाहेर पडलो की हे मशीन आम्हाला काय करणार? एकच अट, सगळ्यावर मिळून. मशीन अकरा वर्षांपूर्वीचं असेल तर त्यानंतरचं सगळं —

झालं. कंपाइल झालं.

शीळ थांबली.

२१ फेब्रुवारी, दुपार

खुर्चीभोवती कुणी नाही.

मी वय विचारलं. मी. साऱ्या जगाला नको म्हणून सांगणारी मी, घाईत, एका ओळीत, वय विचारून मोकळी झाले. एकेक गोष्ट हातात घेतली नाही. आहे का, असं विचारलं नाही. ती तर माझ्या कोपराला लागून उभी होती!

अधीक्षक म्हणाले, कोण मुलगी? तुम्ही एकट्याच आलात ना सकाळी?

पोटावर हात फिरवला. वण नाही. कातडी सपाट, गुळगुळीत. दार बुजलंय.

२२ फेब्रुवारी

मी नको ते केलं.

नावापुरतं बदली काम. मला माहीत होतं काय येईल. तरीही केलं.

ती जिन्यात बसली होती. बूट, पिशवी, सगळं. भूक लागली का विचारलं. म्हणाली, बरी आहे. बाबांचं नाव विचारलं. बरी आहे. मी तिला धरून गदागदा हलवलं आणि ओरडले. बरी आहे. दात सगळे होते. फट नव्हती.

काकू खालून कौतुकाने म्हणाल्या की किती शहाणी मुलगी, आवाज म्हणून नाही.

पांघरूण घातलं. दोन्ही पाय आत.

२३ फेब्रुवारी

ते बदली काम मी काढलं. तिच्याकडे न बघता. दुसऱ्यांदा. याच हातांनी.

२५ फेब्रुवारी

आज निवांत वाटतंय. काम संपलं, पाणी ठीक आहे, अधीक्षक खूश. गाडी का चुकवली ते आठवत नाही. संध्याकाळी ताईचा फोन आला. म्हणाली, भिंगरीला दे.

मी विचारलं, कोण भिंगरी?

ताई आधी रागावली. मग रडायला लागली. ताई रडत नाही कधी. म्हणाली, तुला रोजनिशी लिहायची सवय आहे ना, ती उघड आणि वाच. फोन ठेवू नकोस, माझ्यादेखत वाच.

वाचली.

अक्षर माझं आहे. सगळं माझ्याच अक्षरात आहे — आणि मला ती — तिचा चेहरा मला —

अकरा वर्षांतलं सगळं वगळ. आठवणीसुद्धा त्यातच आल्या.

२६ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा वाचली. रोज वाचावी लागणार. आता झोपले की उडून जातं.

अधीक्षकांकडे गेले. काही समजावत बसले नाही. तसबीर त्यांच्यासमोर धरली आणि विनंती केली की तसेच उभे राहा. ते कुरकुरत उठले. हात बाजूला गेला, कमरेइतका, आणि तिथे थांबला. मग तो हात हळूच हलला, कुणाचे तरी केस विस्कटावेत तसा. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

खाकरले नाहीत. मशीनचं पाण्याचं काम बंद करा म्हणाले. चाक मी फिरवतो.

२७ फेब्रुवारी

चाकाचा आवाज येतोय भिंतीपलीकडून. मधूनच थांबतो, कण्हण्याचा आवाज येतो, पुन्हा सुरू. ते थांबले तर गावाला नासकं पाणी. घाई करायची नाही. घाईनेच —

वयाची अट खोडली. आता बरोबर विचारणार. एकेक गोष्ट.

पण मशीनला तिची ओळख कोण करून देणार? मी. पूर्ण, हाडामांसासकट. आणि माझ्याकडे आहे ती फक्त ही रोजनिशी. त्यात आहे तेवढीच ती मला मिळणार. मी एवढंसंच का लिहिलं! तिचा आवाज कसा होता ते लिहिलं नाही. ती कशाला घाबरायची, कशाने हसायची. गॅलरीच्या कठड्याचा रंग लिहिला आणि तिच्या डोळ्यांचा नाही —

ताई फोनवर आहे. ती सांगतेय, मी लिहितेय. डोळे घारे. विजेला घाबरते. हसताना उचकी लागते.

२७ — दुपार

सगळं लिहून दिलं. मशीन आता तपासतंय. एकेक ओळ येतेय पडद्यावर. इथे उतरवून ठेवते, विसरले तर —

गरगर फिरणं — आहे.

घारे डोळे — आहे.

पडलेला दात, शीळ — आहे. आहे!

भिंतीपलीकडचं चाक थांबलंय. अधीक्षक कुणाशी तरी बोलतायत. हळू आवाजात, वाकून बोलावं तसे. नाही — पुन्हा फिरतंय चाक. फिरतंय.

पांघरुणाबाहेरचा पाय — आहे.

बाहेर कुणीतरी — बुटांचा आवाज — इकडे येतंय, मधेच गिरकी घेतंय —

एक ओळ उरली. मी लिहिलेली नाही ही. मशीनने स्वतःच विचारलीय. ती सापडायची तर आधी हे सापडायला हवं म्हणून —

आई —

तपासतंय. अजून तपासतंय. बूट दाराबाहेर थांबलेत.

ती झाली तेव्हा मी आई झाले. म्हणजे आई मशीनपेक्षा लहान. हे मी लिहून दिलेलं नाही. सगळं तिचंच लिहिलं, माझं काहीच —

पोटावर हात ठेवलाय. सपाट. सपाट आहे. कुठे गेलं दार —

आहे. मी आहे. हे बघ, इथेच बसलेय, लिहितेय, माझ्या हाताने, मी तिची आ